लोअर अर्लीत घर घेण्यापूर्वीची तयारी

इंग्लंडमधल्या रेडिंग शहराच्या आग्नेयेला, एम फोर महामार्ग आणि लॉडन नदी यांच्या कुशीत, लोअर अर्ली नावाचे उपनगर आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक बिल्डरांनी मिळून शेतजमिनीवर ते उभे केले. लाल-पिवळ्या विटांची, दोन-तीन-चार बेडरूमची, सुटी किंवा सेमी-डिटॅच्ड (एक भिंत सामाईक असलेली) घरे, वळणावळणाच्या गल्ल्या, मध्ये सुपरमार्केट म्हणून एक मोठे अ‍ॅस्डा आणि स्टेशनापर्यंत नेणारी गडद लाल रंगाची २१ नंबरची बस, असे त्याचे साधारण रूप आहे. तीन वर्षे भाड्याने राहून आम्ही याच भागात घर घेतले. त्या अनुभवावरून ही यादी लिहिली आहे, आणि तिच्यात क्रमाला महत्त्व आहे. आपली माणसे आधी घरे बघत हिंडतात आणि कागदांकडे नंतर वळतात. इथे ते उलट करावे लागते.

पहिला कागद इंग्लंडमधला नसून पुण्याचा, ठाण्याचा किंवा नाशिकचा आहे. आपल्या नावावर भारतात फ्लॅट आहे का, पूर्वी कधी होता का, वडिलांच्या पश्चात वारसा हक्काने हिस्सा आला आहे का, हे पती आणि पत्नी दोघांच्याही बाबतीत लिहून काढावे. कारण इथल्या स्टँप ड्यूटीत ‘पहिले घर घेणारा’ म्हणून जी सवलत मिळते, तिच्यासाठी जगात कुठेही कधीही घराची मालकी असलेली चालत नाही. विकून टाकलेले किंवा वारशाने आलेले घरही मोजले जाते, आणि जोडीने खरेदी करताना दोघांपैकी एकाच्या नावावर असे घर असले तरी दोघांचीही सवलत जाते. शिवाय खरेदीच्या दिवशी आपल्याकडे ४० हजार पौंड किंवा त्याहून अधिक किमतीचे दुसरे घर असेल, मग ते कोथरूडमध्ये का असेना, तर सर्वसाधारणपणे संपूर्ण किमतीवर ५ टक्के जादा कर बसतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी साडेचार लाख पौंडांच्या घराचा हिशेब मांडून बघावा: पहिले घर घेणाऱ्याला साडेसात हजार, साध्या खरेदीदाराला साडेबारा हजार आणि दुसरे घर असणाऱ्याला पस्तीस हजार पौंड. वारशाने आलेला हिस्सा निम्मा किंवा त्याहून कमी असेल आणि तो मिळून तीन वर्षे झाली नसतील, तर जादा कराला अपवाद मिळू शकतो. पण ही गोष्ट सॉलिसिटरला, म्हणजे खरेदीचे कागद बघणाऱ्या वकिलाला, पहिल्याच पत्रात सांगावी, शेवटच्या आठवड्यात नव्हे. नुकतेच देशात आलेल्यांनी आणखी एक बघावे: खरेदीच्या आधीच्या बारा महिन्यांत १८३ दिवस या देशात राहिलेले नसाल, तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के लागू शकतात.

दुसरी तयारी पैशाच्या वाटेची आहे. डिपॉझिटमधला, म्हणजे कर्जाशिवाय आपण स्वतः भरतो त्या रकमेतला, प्रत्येक मोठा आकडा कुठून आला हे सॉलिसिटर विचारतोच, आणि ‘आई-बाबांनी पाठवले’ हे उत्तर त्याला पुरत नाही. ही रक्कम भेट आहे, कर्ज नाही आणि घरात आमचा हिस्सा असणार नाही, असे आई-वडिलांचे सहीचे पत्र, त्यांचे ओळखपत्र आणि त्यांच्या खात्याचे उतारे लागतात. मुदतठेव मोडली असेल तर तिची पावती, जमीन विकली असेल तर खरेदीखत आणि त्याचे इंग्रजी भाषांतर हाताशी ठेवावे. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. भारतातल्या आपल्याच एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या) खात्यातून काढायचे असतील तर मर्यादा वर्षाला दहा लाख डॉलर आहे, मात्र त्यासाठी सीएचे प्रमाणपत्र लागते. दोन्हीकडच्या बँकांना वेळ लागतो, म्हणून पैसे ऑफर देण्याच्या आधी इथे येऊन पडलेले बरे.

कर्जाबद्दल थोडक्यात: बँका साधारणपणे वार्षिक उत्पन्नाच्या साडेचारपटीच्या आसपास थांबतात, व्हिसा मुदतीचा असेल तर काहीजण मोठे डिपॉझिट मागतात, आणि कर्जाचे तत्त्वतः संमतिपत्र हातात नसेल तर इस्टेट एजंट आपल्याला फारसे मोजत नाहीत.

आता जागा. इथल्या घरांच्या पत्त्यात ‘रेडिंग’ असते, पण लोअर अर्ली रेडिंग बरोच्या (पालिकेच्या) हद्दीत नसून वोकिंगहॅम बरोमध्ये येते. कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), कचऱ्याचे वेळापत्रक, बांधकाम परवानगी आणि मुख्य म्हणजे शाळाप्रवेश हे सगळे तिथून चालते. शाळेसाठी घर घेणाऱ्यांनी एजंटच्या जाहिरातीतल्या ‘अमुक शाळेजवळ’ या शब्दांवर न जाता कौन्सिलच्या नकाशावर स्वतःचा पोस्टकोड टाकून बघावा. कॅचमेंटची, म्हणजे शाळेच्या प्रवेशक्षेत्राची, रेषा रस्त्याच्या मधूनही जाऊ शकते आणि समोरच्या घराला मिळणारी शाळा आपल्याला मिळेलच असे नाही. माध्यमिकचा अर्ज ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि प्राथमिकचा १५ जानेवारीपर्यंत द्यायचा असतो, म्हणून खरेदीचे वेळापत्रक या तारखांपासून मागे मोजत यावे. त्याच पोस्टकोडवर सरकारी संकेतस्थळावर पुराचा धोका तपासावा, आणि तोही केवळ नदीचा नव्हे, तर पावसाचे पाणी साचण्याचाही. टेकाडावरचे घरसुद्धा दुसऱ्या प्रकारात सापडू शकते, आणि विम्याचा हप्ता त्यावर ठरतो.

गल्ली तीन वेळा बघावी: शाळा सुटताना, रात्री नऊनंतर, आणि कचऱ्याच्या दिवशी सकाळी. शाळा सुटताना गाड्या फूटपाथवर चढतात का ते कळते. रात्री वारा दक्षिणेकडून असेल तर महामार्गाची घरघर किती येते ते कळते. कचऱ्याच्या दिवशी शेजार कळतो. डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो, तेव्हा एकदा बसस्टॉपपासून घरापर्यंत चालून यावे, कारण जूनमधल्या सोनेरी संध्याकाळी बघितलेले कोणतेही इंग्रज घर सुंदरच दिसते.

घराच्या आत आपल्याला एक सवय मोडावी लागते. आपण कार्पेट एरिया विचारतो. इथे बेडरूम मोजतात, आणि तिसरी बेडरूम म्हणजे अनेकदा जिन्याच्या छतामुळे आत आलेल्या पेटीसारख्या उंचवट्यावर कसाबसा एक पलंग मावणारी खोली असते. म्हणून मोजपट्टी न्यावी आणि आपल्या कपाटाचे माप वहीत लिहून न्यावे. स्वयंपाकघरात शेगडीवरच्या चिमणीचा पंखा लावून कागदाचा तुकडा धरावा, मग बाहेर जाऊन भिंतीवर तिचे भोक आहे का ते शोधावे. पुष्कळ घरांत ही चिमणी हवा कोळशाच्या जाळीतून गाळून पुन्हा आतच सोडते, आणि हिंगाची फोडणी दिली की वरच्या बेडरूममधले कोट दोन दिवस वास मारतात. आम्ही हे बघितले नव्हते. नंतर भिंत फोडून नळी काढायला चांगलाच खर्च आला. वरचा शॉवर आणि खालचा नळ एकदम सोडून दाब बघावा, कपाटांच्या मागच्या बाहेरच्या भिंतींना हात लावून ओल बघावी, बॉयलरची शेवटची सर्व्हिस कधी झाली ते विचारावे. छताला खरखरीत नक्षीचा गिलावा असेल तर त्यात श्वासात गेल्यास घातक ठरणारा अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. तो हलवला नाही तर सहसा काही करावे लागत नाही, पण छताला भोके पाडण्याचा विचार असेल तर आधी तपासणी करून घ्यावी.

गॅरेजची खोली केलेली असेल किंवा मागे वाढवलेले असेल, तर बिल्डिंग रेग्युलेशनचे पूर्ततापत्र मागावे. एप्रिल २००२ नंतर खिडक्या बदलल्या असतील तर त्यांचेही प्रमाणपत्र असायला हवे. वाढवलेल्या घरात एक छुपी गोष्ट असते: कौन्सिल टॅक्सचा बँड, म्हणजे कराची श्रेणी, अजूनही एप्रिल १९९१ च्या किमतीवर ठरतो, आणि आधीच्या मालकाने केलेल्या वाढीमुळे विक्रीनंतर तो वरच्या बँडमध्ये जाऊ शकतो. आजचा हप्ता उद्याचा असेलच असे धरून चालू नये.

व्यवहाराची रीत मनाला पटवून घेणे ही खरी तयारी. आपल्याकडे इसार दिला की शब्द बांधला जातो. इंग्लंडमध्ये ऑफर मान्य झाली, एजंटने अभिनंदन केले, तरी एक्स्चेंज, म्हणजे सह्या केलेल्या करारांची देवाणघेवाण, होईपर्यंत कोणीही, कोणतेही कारण न देता मागे फिरू शकतो. विक्रेता जास्त देणाऱ्याकडे वळू शकतो. ज्याचे घर आपण घेतो तो दुसऱ्याचे घेत असतो, तो तिसऱ्याचे, आणि या चेनमधली एक कडी निसटली की सगळे कोसळते. आमचा पहिला व्यवहार असाच, तीन घरांपलीकडच्या कोणाचा तरी घटस्फोट बारगळल्याने मोडला; आम्हाला त्यांचे नावही माहीत नव्हते, आणि घराच्या तांत्रिक तपासणीचे, म्हणजे सर्व्हेचे, पैसे मात्र गेले. म्हणून दोनदा सर्व्हे करण्याइतकी रक्कम बाजूला ठेवावी, आणि चेन नसलेल्या घराला किंचित जास्त किंमत द्यावी लागली तरी विचार करावा.

बँक जे मूल्यांकन करते तो सर्व्हे नव्हे. ते बँकेच्या तारणासाठी असते. १९८० च्या दशकातल्या, फार बदल न केलेल्या घराला दुसऱ्या पातळीचा सर्व्हे बहुधा पुरतो. वाढवलेल्या किंवा तडे गेलेल्या घराला तिसऱ्या पातळीचा करावा. विक्रेत्याने भरलेला माहितीचा फॉर्म चहा घेत शांतपणे वाचावा, विशेषतः शेजाऱ्यांशी झालेल्या वादांचा रकाना. घरात काय राहणार आणि काय जाणार याचा वेगळा फॉर्म असतो. पडद्याच्या दांड्या त्यात आहेत का ते बघावे. जमिनीच्या नोंदीचा उतारा, म्हणजे इथला इंडेक्स टू, पण नकाशासकट, स्वतः वाचावा: अंगणात कुंपण घालू नये, दारात कॅरॅव्हॅन उभी करू नये अशा बिल्डरच्या जुन्या अटी त्यात सापडतात. नव्या वस्तीतले घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसह कायमचे आपल्या मालकीचे, असले तरी रस्ते आणि हिरवळीच्या देखभालीचे वार्षिक शुल्क आहे का, आणि ते वाढवण्यावर मर्यादा आहे का, हे लेखी विचारावे. फ्लॅट असेल तर लीजची (भाडेपट्ट्याची) उरलेली वर्षे आधी विचारावीत. ती ऐंशीच्या खाली गेलेली असली तर मुदत वाढवणे महाग पडते.

एक्स्चेंजच्या दिवशी साधारण १० टक्के रक्कम द्यावी लागते, आणि त्याच दिवसापासून घराचा विमा आपल्या नावाने सुरू असावा, किल्ल्या मिळायच्या दिवसापासून नव्हे. सॉलिसिटरचा खाते क्रमांक ईमेलवर आला तर पैसे पाठवण्यापूर्वी आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून तो पडताळावा.

किल्ल्या एजंटच्या कार्यालयातून मिळतात. त्या घेऊन आत गेल्यावर देवाला दिवा लावण्याआधी वीज आणि गॅसच्या मीटरचे फोटो काढावेत आणि पाण्याचा मुख्य कॉक शोधून तो फिरतो का ते बघावे. मग नकाशा घेऊन मागच्या अंगणात जावे. ‘डावीकडचे कुंपण आपले’ असे सगळे सांगतात, पण तसा कायदा नाही. नकाशात किंवा जुन्या दस्तात कुंपणाच्या रेषेवर इंग्रजी टी अक्षरासारखी खूण असेल, तर ती ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या मालकावर सहसा देखभाल असते, आणि खूणच नसेल तर शेजाऱ्यांची बेल वाजवून विचारावे.