खरिपाच्या तोंडावर जिवाणू खते: पाकिटातला जीव मातीपर्यंत जिवंत पोचवा

जून उजाडला की जुन्नर, आंबेगाव, खेड, बारामतीकडे सोयाबीन, भुईमूग, मूग-उडदाच्या पेरणीची घाई सुरू होते. बियाण्याच्या पिशवीबरोबर कृषी सेवा केंद्रातून रायझोबियमची, म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र पिकाला देणाऱ्या जिवाणूंची, चार पाकिटेही घरी येतात आणि पुष्कळ ठिकाणी पत्र्याच्या शेडमध्ये, युरियाच्या गोणीवर पडून राहतात. पेरणीच्या दिवशी ती फोडली तरी आतले जिवाणू तोवर मेलेले असतात. मग "जिवाणू खताने काही फरक पडत नाही" असे मत होऊन बसते. कधी मालच खराब निघतो, पण बऱ्याचदा चांगला माल आपल्याच हातून मरतो.

खरेदी करतानाच तीन गोष्टी वाचा: पिकाचे नाव, उत्पादनाची तारीख, वापरण्याची मुदत. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे रायझोबियमच्या १ ग्रॅम भुकटीत किमान ५ कोटी आणि १ मिली द्रवरूप खतात किमान १० कोटी जिवंत पेशी मुदत संपेपर्यंत असायला हव्यात. पिकाचे नाव महत्त्वाचे, कारण सोयाबीनचे रायझोबियम हरभऱ्याला चालत नाही. भुईमूग, मूग, उडीद, चवळी आणि तूर यांचा गट वेगळा. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जिवाणू खते तयार होतात, उसासाठी मांजरीच्या वसंतदादा साखर संस्थेकडेही मिळतात. कुठूनही घ्या, पण उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरी माठाजवळच्या गारव्यात, खते-औषधांपासून लांब ठेवा.

आता बीजप्रक्रिया. इथे सगळा खेळ क्रमाचा आहे: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, सर्वांत शेवटी जिवाणू. सोयाबीनला कार्बोक्सिन व थायरम यांचे मिश्र बुरशीनाशक किलोला ३ ग्रॅम लावायचे असेल तर ते पेरणीच्या आदल्या दिवशी लावून बियाणे सावलीत वाळवा. कंपनीने आधीच औषध लावलेले रंगीत बियाणे असेल तर पुन्हा बुरशीनाशक लावू नका. ट्रायकोडर्मा वापरणार असाल (किलोला ५ ग्रॅम) तर रासायनिक बुरशीनाशक वगळा. ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी, पण स्वतःच एक बुरशी आहे, ती त्यात टिकत नाही.

एका एकराच्या ३० किलो सोयाबीनला २५० ग्रॅमची ३ पाकिटे रायझोबियम आणि तेवढेच स्फुरद विरघळवणारे जिवाणू, म्हणजे पीएसबी, लागतात. दर १० किलोला प्रत्येकी एक पाकीट असा साधा हिशेब. द्रवरूप असेल तर किलोला प्रत्येकी १० मिली. भुकटीसाठी १ लिटर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण गार करा. पाणी नळाचे असेल तर रात्रभर उघडे ठेवून मग वापरा, नाहीतर त्यातले क्लोरीन जिवाणूंना बाधते. गार झालेल्या गुळाच्या पाण्यात भुकटी कालवून दाटसर, बोटाला चिकटेल अशी रबडी करा. सगळे पाणी संपवलेच पाहिजे असे नाही. सोयाबीनचे साल पातळ असते. पाणी जास्त झाले की दाणा फुगतो, सालीला सुरकुत्या पडतात आणि चोळताना ती सुटते. असे बी उगवत नाही, आणि दोष मात्र जिवाणूंवर येतो. म्हणून बियाणे ताडपत्रीवर किंवा गोणपाटावर पसरा, रबडी वरून शिंपडा आणि हलक्या हाताने, तळव्याने खालून वर घोळवा. प्रत्येक दाण्यावर काळसर पातळ थर दिसला की पुरे. औषध कालवलेली बादली यासाठी घेऊ नका.

अर्धा-एक तास सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरा. वाफसा नसेल, पाऊस आला असेल, तर प्रक्रियाच करू नका. रात्रभर ठेवलेल्या दाण्यावरचे जिवाणू झपाट्याने कमी होतात. पाभरीच्या एकाच चाड्यात डीएपीसारखे रासायनिक खत आणि प्रक्रिया केलेले बियाणे एकत्र टाकू नका, खताच्या क्षारांनी जिवाणू मरतात. उरलेले बी खाण्यात किंवा जनावरांच्या आंबोणात जाऊ देऊ नका.

ज्या रानात पूर्वी सोयाबीन कधीच नव्हते तिथे रायझोबियम टाळू नका, कारण सोयाबीनला लागणारे जिवाणू आपल्या मातीत मुळचे नाहीत. दरवर्षी सोयाबीन घेता आणि गाठी भरपूर धरतात, तिथे फरक कमी दिसेल. पीएसबीचेही नीट समजून घ्या: ते जमिनीत स्फुरद घालत नाहीत, आपल्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत चुन्याशी बांधले गेलेले स्फुरद आम्ल सोडून मोकळे करतात. त्यामुळे शिफारशीचे स्फुरद पूर्ण बंद करू नका.

काम झाले की नाही हे ३५ ते ४० दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुमाराला बघा. झाड उपटू नका, गाठी तुटून मातीतच राहतात. फावड्याने वीतभर खोल मातीच्या ढेपेसकट काढून बादलीत भिजत घाला आणि माती आपोआप सुटू द्या. मुख्य मुळाच्या वरच्या भागात जाड गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी-लाल रंग दिसला तर ती हवेतला नत्र घेते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या जातकुळीतला. आतून पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ निकामी. शेताच्या पाच ठिकाणी बघा. गाठीच नसतील तर पिकाला नत्र गोणीतून द्यावा लागेल. गाठी असूनही पांढऱ्या असतील तर बहुधा पाणी साचले असावे किंवा युरिया जास्त पडला असावा. आयता नत्र मिळाला की झाड जिवाणूंना पोसत नाही, आणि पाणी तुंबले की त्यांना हवा मिळत नाही. म्हणून रुंद वरंबा सरी आणि चर यांचे मोल जिवाणूंसाठीही आहे.

मावळ-मुळशीच्या भातखाचरात उलटे घडते. पाणी साचून हवा संपली की मिथेन, म्हणजे वातावरण तापवणारा वायू, तयार करणारे सूक्ष्मजीव जोर धरतात. त्याच खाचरांत मिथेन खाणारे जिवाणूही असतात, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने अशा भातशेतीतून काकडीच्या आकाराचा एक जिवाणू वेगळा काढला आहे, मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. कोणी त्याच्या नावाने बाटली विकत असेल तर आधी कृषी विभागाकडे विचारा. मिथेन कमी व्हावा म्हणून ज्यांच्या हातात पाणी आहे त्यांनी फुलोरा वगळता खाचर अधूनमधून सुकू द्यावे. भोके पाडलेली नळी जमिनीत बसवा, आतले पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेले की पुन्हा पाणी द्या.

शेणाबद्दल मात्र कळकळीने सांगायचे आहे. हवेली-पुरंदरची कोथिंबीर, मेथी, पालक शहरात कच्ची खाल्ली जाते. ताज्या शेणात, स्लरीत (शेणाच्या पातळ काल्यात) ई. कोलाय आणि साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि मुळा-मुठेच्या खालच्या अंगाचे पाणी पिकावर फवारले तर सांडपाण्यातले जंतूही पानांवर येतात. पालेभाजीला फक्त पूर्ण कुजलेले, वासरहित, गार झालेले खत द्या. ढीग ५५ अंशांवर निदान १५ दिवस तापला पाहिजे आणि त्या काळात ५ वेळा उलटला पाहिजे, नाहीतर कडेचा थर थंडच राहतो आणि जंतू तिथे टिकतात. तापमापक नसेल तर ढिगात लोखंडी सळई १० मिनिटे खुपसून ठेवा. बाहेर काढल्यावर हातात धरवत नसेल तर आतला भाग तापतो आहे. स्लरी द्यायची तर सरीत, मुळाशी. पानांवर कधीच नाही. नदीचे पाणीही ठिबकनेच.

डाळिंबावरचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग, म्हणून त्यावर स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनची पुडी फवारायची सवय पडली. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचे औषध आहे. बागेत ते पुन्हा पुन्हा पडले की औषधाला न जुमानणारे जिवाणू मातीत निवडून वाढतात, आणि तो गुण ते दुसऱ्या जातीच्या जिवाणूंनाही देतात. १ जानेवारी २०२४ पासून केंद्र सरकारने शेतीत या मिश्रणाच्या वापराला बंदी घातली आहे. जुनी पुडी शिल्लक असेल तरी फवारू नका. त्याऐवजी डाग पडलेल्या फांद्या डागाच्या दोन इंच खाली छाटा, रोगट फळे-पाने वेचून जाळा, प्रत्येक झाडानंतर कात्री निर्जंतुक द्रावणात बुडवा. पानगळीनंतर १ टक्का बोर्डो मिश्रण फवारा: १ किलो मोरचूद (तांब्याचा क्षार), १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. तयार द्रावणात लोखंडी विळा बुडवून बघा. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे, आणखी चुन्याची निवळी घाला आणि पुन्हा तपासा. बोर्डो आणि ट्रायकोडर्मा किंवा सुडोमोनस (रोग रोखणारा उपयुक्त जिवाणू) यांच्यात निदान ८ ते १० दिवसांचे अंतर ठेवा, नाहीतर तांबे त्यांनाही मारते.