ई-टाइपचा तापमानकाटा खरे सांगतो का, हे कसे तपासावे

जॅग्वारच्या १९६१ मध्ये आलेल्या ई-टाइप या स्पोर्ट्स कारमध्ये इंजिनाच्या तापमानाचा काटा वर चढलेला दिसला, की लगेच रेडिएटर उतरवायला घेऊ नये. आधी काट्याचीच खात्री करावी.

इंजिन पुरते तापल्यावर, काट्याला तापमान कळवणाऱ्या सेन्सरजवळच्या धातूवर इन्फ्रारेड तापमापक धरावा. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे उपकरण हमखास कमी आकडा दाखवते, म्हणून तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावरच नेम धरावा.

आकडा योग्य आणि काटा मात्र चढलेला असेल, तर इंधनाचा काटाही पाहावा. दोन्ही काट्यांना डॅशबोर्डमागच्या व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून सरासरी १० व्होल्ट मिळतात. त्याचे अर्थिंग गंजले, की बॅटरीचे पूर्ण व्होल्टेज पुढे जाते आणि दोन्ही काटे एकदमच वर सरकतात. अशा वेळी त्याच्या स्क्रूखालचा पत्रा खरवडून स्वच्छ करावा.

एकटा तापमानकाटाच चुकत असेल, तर सेन्सरची वायर काढावी. तरीही काटा खाली येत नसेल, तर वायर बहुधा कुठेतरी बॉडीला टेकत असते. सेन्सरचे सर्किट इंजिनच्या धातूतूनच पूर्ण होत असल्याने त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

तापमान खरेच जास्त निघाले, तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच कूलिंगच्या पाण्याचे झाकण उघडून पातळी पाहावी, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) काढून पातेल्यातल्या पाण्यात टांगावा आणि पाणी तापवत, त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडू लागतो का, हे तपासावे.