‘त्याला कळतच नाही’ म्हणण्याआधी: अभ्यास घेताना या चुका टाळा

शिष्यवृत्तीची तयारी सुरू झाली की पुण्यातल्या घराघरांत तीच तक्रार ऐकू येते: “सुटी गणितं पटापट करतो, शाब्दिक उदाहरण आलं की अडतो.” मग लक्ष नाही, समज कमी, असा शिक्का बसतो. मला हे अन्यायाचं वाटतं. आधी प्रश्न तपासा: तो सोडवताना एका वेळी किती गोष्टी डोक्यात धराव्या लागतात?

गणितच कच्चं आहे असं धरून चालणं

‘सईच्या आईने मंडईतून 28 रुपये किलोचे 3 किलो बटाटे आणि 15 रुपयांना एक अशा कोथिंबिरीच्या 2 जुड्या घेतल्या. 200 रुपये दिले, तर किती परत मिळतील?’

यातला गुणाकार, बेरीज, वजाबाकी मुलाला वेगवेगळी येते. पण इथे 84 लक्षात ठेवून 30 काढायचे, दोन्ही मिळवून 114 करायचे आणि तोवर 200 विसरायचे नाहीत. मोठ्या माणसालाही चार-पाच सुट्या गोष्टी एकदम धरणं जड जातं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाची ही क्षमता त्याहून कमी असते आणि ती किशोरवयापर्यंत वाढत राहते. त्यामुळे नवं आलं की आधीचं निसटतं.

उपाय साधा आहे. वहीत उजवीकडे उभी रेघ मारा. उत्तर निघाल्याबरोबर तिथे नावासकट लिहायला लावा: ‘बटाटे 84’, ‘कोथिंबीर 30’. पुढचं वाक्य पट्टीने झाका. एवढ्याने सुटलं, तर अडचण गणिताची नव्हती. नाहीच सुटलं, तर पाढे पाहा. 28 त्रिक काढण्यातच मुलाची सगळी शक्ती संपत असेल.

छुपा भार न दिसणं

‘त्रेसष्ट’ ऐकताना आधी तीन येतो, लिहिताना मात्र आधी सहा. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. तुमचं मत काहीही असो, मुलाने 36 लिहिलं म्हणून त्याला संख्या कळत नाही असं समजू नका. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या पुढे ठेवून त्रेसष्ट काड्या द्यायला सांगा. त्या बरोबर दिल्या, तर चूक फक्त लिहिण्यातली आहे.

नियम बदलला की हट्टी ठरवणं

तीन वर्षांच्या मुलाला कार्डं रंगाप्रमाणे लावायला दिली आणि मध्येच ‘आता आकाराप्रमाणे’ म्हटलं, तर बरीच मुलं रंगानेच लावत राहतात. नवा नियम विचारला तर तोंडाने बरोबर सांगतात! चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेकांना हा बदल जमतो. तोवर रागावून उपयोग नाही. प्रत्येक कार्डाच्या वेळी नियम पुन्हा सांगा.

एकाच चाचणीवर विश्वास

बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या प्रसिद्ध प्रयोगात सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एक मोठ्या माणसाने पसरली की लहान मुलं ‘आता जास्त झाल्या’ म्हणतात. 1974 मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या संशोधकांनी एका खोडकर टेडीकडून रांग विस्कटवली, तेव्हा पुष्कळ जास्त मुलांनी बरोबर उत्तर दिलं. मुलं त्याच वयाची, सोंगट्या तेवढ्याच, फक्त प्रसंग बदलला होता. म्हणून एकच गोष्ट दोन-तीन तऱ्हांनी विचारा.

सगळंच सोपं करून देणं

ही उलटी चूक. पट्टी आणि रेघ कायमची नको. तशी तीन-चार उदाहरणं बिनचूक आली की पट्टी काढा, रेघ राहू द्या. नंतर रेघ मारायची की नाही हे मुलालाच ठरवू द्या. पुन्हा अडलं तर एकच पायरी मागे या.