छत्री कुठे ठेवायची, हेही शिकवावं लागतं

कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला, जूनमध्ये एकदा पाऊस धरला की सोडत नाही. पहिली ते तिसरीची २८ मुलं, तेवढ्याच ओल्या छत्र्या आणि वर्गाला दार एकच. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रोज ओरडायचे, "छत्र्या बाहेर!" श्रावण आला तरी ओरडतच होते. मी नुसतं सांगत होते, शिकवलं कधी नव्हतंच.

आता शाळा उघडली की पहिला आठवडा सवयींचा. दिवसाला एक, फार तर दोन. मी स्वतः छत्री घेऊन पडवीत जाते, पायरीवर पाणी झटकते, छत्री मिटून दोरीला अडकवते, चपला भिंतीकडेला लावते आणि आत येते. तोंडातून शब्द काढत नाही. मग विचारते, "मी काय काय केलं?" मुलं क्रमानं सांगतात. एकजण करून दाखवतो, मग चार-चार जण. चुकलं तर "परत कर बाळा", एवढंच. चार दिवसांत तिसरीची मुलं पहिलीच्यांना हाताला धरून शिकवायला लागतात. ते होऊ द्यावं, मध्ये पडू नये.

नली-कलीच्या, म्हणजे पहिली ते तिसरीच्या मुलांनी एकत्र बसून आनंदानं, कृतीतून शिकायच्या वर्गात गटागटात कार्डं घेऊन मुलं बसली की गलबला होणारच. तो कामाचा आवाज आहे, दाबू नका. थांबवायचं असेल तेव्हा मी तीन टाळ्या वाजवते, मुलं दोन वाजवतात आणि हातातलं कार्ड खाली ठेवतात. शेवटचं कार्ड खाली जाईपर्यंत मी बोलत नाही. गोंगाटावर आवाज चढवून एकदा जरी बोललात, तरी पुढच्या टाळ्यांना कुणी थांबत नाही.

भांडणं होतात ती क्षीरभाग्य या सरकारी योजनेचं दूध आणि अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाआधी, नळापाशी. रिकामं उभं राहिलं की ढकलाढकली ठरलेली. म्हणून धाकटी पुढे, हात धुवायला एका वेळी चौघं, आणि मागच्या रांगेत दोनचा पाढा.

एक मुलगा रोज रांग मोडायचा. मला तो हट्टी वाटला होता. घरी कन्नड बोलणारं पोर, त्याला 'रांग' हा शब्दच कळत नव्हता. "सालु" म्हटलं आणि तो सरळ उभा राहिला. तेव्हापासून रागावण्याआधी, सांगितलेलं मुलाला कळलं का, हे मी बघते. आणि रागवायचंच झालं तर बाजूला घेऊन, त्याच्या उंचीला बसून, हळू आवाजात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं मारण्याबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे. सगळ्यांसमोर लाजवणं मी त्यातच धरते.

दसऱ्याच्या सुट्टीनंतर मुलं निम्मं विसरून येतात. तेव्हा पुन्हा दोन दिवस द्या, तीच छत्री घेऊन, पाऊस नसला तरी.