लोकल फोल्डर्समध्ये गेलेले आठ महिने

पहिल्या नोकरीच्या अकराव्या महिन्यात माझ्या लॅपटॉपची डिस्क गेली. त्या दिवशी मला काळजी होती ती अर्धवट लिहिलेल्या अहवालाची. मेलची नव्हती, कारण आमचं खातं आयमॅपचं होतं आणि आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवर राहतो, एवढं मला पक्कं माहीत होतं. नवा लॅपटॉप आला, त्यावर थंडरबर्ड हा मेलचा प्रोग्राम टाकला, खातं जोडलं. इनबॉक्स भराभर उतरला. पण डावीकडे माझे फोल्डर नव्हते. क्लायंटची मंजुरी, बदललेल्या मागण्या, बिलांवरची चर्चा, असा आठ महिन्यांचा पत्रव्यवहार नव्हता. आयटीवाल्यांनी सर्व्हरवर पाहिलं आणि सांगितलं, इथे ते मेल नाहीत.

ते का नव्हते, हे समजायला मला दोन दिवस लागले. नव्याने कामाला लागलेल्यांनी बाकी काही नाही वाचलं तरी चालेल, हे मात्र वाचा.

झालं असं होतं. तिसऱ्या महिन्यात मेलबॉक्स भरत आल्याची सूचना येऊ लागली. एका सीनियरने उपाय सांगितला: थंडरबर्डमध्ये खाली 'लोकल फोल्डर्स' दिसतं ना, तिथे फोल्डर कर आणि फिल्टर लावून टाक, मेल आपोआप तिकडे जातील, जागेचा प्रश्न कायमचा सुटेल. मी केलं. इनबॉक्स रोज रिकामा दिसू लागला, सूचना थांबली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ज्याची स्वतःची डिस्क कधी गेलेली नाही, त्याच्याकडून मेल साठवण्याचा सल्ला घेऊ नये, असं माझं आता ठाम मत आहे. सल्ला देणाऱ्याला सरळ विचारा, 'तुमचं मशीन आज बंद पडलं तर हे मेल कुठून आणाल?' उत्तर द्यायला वेळ लागला, तर तो शॉर्टकट घेऊ नका.

आता घोळ नेमका कुठे आहे ते सावकाश पाहू. फिल्टर तयार करताना 'मूव्ह मेसेज टू' निवडलं की फोल्डरांची यादी उघडते. त्या यादीत तुमच्या खात्याचे फोल्डर असतात आणि त्यांच्याच खाली लोकल फोल्डर्स. चिन्ह तेच, अक्षर तेच, रचना तीच. पण खात्याखालचा फोल्डर सर्व्हरवर असतो आणि तुमच्या मशीनवर त्याची प्रत असते. लोकल फोल्डर्सखालचा फोल्डर फक्त तुमच्या डिस्कवर असतो. मेल तिकडे हलवला की प्रोग्राम तो आधी डिस्कवर लिहितो आणि मग सर्व्हरवरून काढून टाकतो. त्या क्षणापासून तुमच्याकडे त्याची एकच प्रत उरते. जागेचा प्रश्न सुटतो तो याच कारणाने: मेल सर्व्हरवर नसतोच.

याची खूण मला महिनोन्‌महिने दिसत होती. सकाळी फोनवर वाचलेला मेल दुपारी फोनवर सापडायचा नाही. फोन बिघडलाय असं मी धरून चालले. खरं कारण वेगळं होतं. हे फिल्टर सर्व्हरवर चालत नाहीत, लॅपटॉपवरचा प्रोग्राम उघडा असतो तेव्हाच चालतात. रात्रभर लॅपटॉप बंद, म्हणून मेल फोनवर दिसायचा. सकाळी कामाला बसून थंडरबर्ड उघडलं की फिल्टर मेल उचलायचा आणि फोनवरून तो नाहीसा व्हायचा. तुमच्याकडे असं होत असेल तर आज, आत्ता, फिल्टरांची यादी उघडा आणि प्रत्येकाचं ठिकाण कोणत्या खात्याखाली आहे ते वाचा.

आउटलुक वापरता म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. क्लासिक आउटलुकमध्ये याच गोष्टीचं नाव पीएसटी फाइल. नियम (आउटलुकमधला फिल्टर) लावून मेल पीएसटीत हलवला तर तो त्याच एका मशीनवर राहतो, आणि अशा नियमापुढे 'क्लायंट-ओन्ली' असं लिहिलेलं दिसतं. ते शब्द दिसले की थांबा. आउटलुक २००२ पर्यंत पीएसटी २ जीबीच्या वर जाऊ शकत नव्हती, २०१० पासून ही मर्यादा ५० जीबी आहे. म्हणजे एका फाइलबरोबर किती काय जाऊ शकतं, याचा हिशेब करा. त्यातून 'आर्काइव्ह' हा एकच शब्द दोन कामांना लावलेला आहे. आर्काइव्हचं बटण मेल तुमच्या खात्यातल्याच आर्काइव्ह फोल्डरात ठेवतं. 'ऑटोआर्काइव्ह' मात्र जुने मेल उचलून मशीनवरच्या पीएसटी फाइलमध्ये टाकतं. थंडरबर्डमध्ये 'ए' दाबल्यावर मेल आर्काइव्ह होतो, पण तो कुठे जाणार हे खात्याच्या सेटिंगमध्ये 'कॉपीज अँड फोल्डर्स' खाली ठरतं. तिथे लोकल फोल्डर्स निवडलेलं असलं, तर पुन्हा तेच.

दुसरीकडची चूकही तितकीच महागात पडते. आयमॅप आहे म्हणजे बॅकअप आहे, असं अनेकजण समजतात. आयमॅप आरसा आहे. १९८४ मध्ये आलेल्या पॉप या आधीच्या पद्धतीची कल्पना मेल सर्व्हरवरून उतरवून आपल्या मशीनवर ठेवण्याची होती. १९८६ मध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप रचलं ते मेल सर्व्हरवरच ठेवून अनेक ठिकाणांहून पाहता यावा म्हणून. त्यामुळे एका ठिकाणी पुसलं की सगळीकडे पुसलं जातं. 'मशीनवर मेल ठेवा' ही खूण थंडरबर्डमध्ये आधीपासून केलेली असते, त्याने ऑफलाइन वाचता येतं, पण सर्व्हरवर मेल पुसला गेला की ती प्रतही जाते. मशीनवर जागा करायला म्हणून जुने फोल्डर पुसू नका.

एवढं सांभाळलं तर बाकी मेल लावणं अवघड नाही, आणि त्याला फार घाबरायचंही कारण नाही. फिल्टर चुकला तर मेल बहुतेक वेळा चुकीच्या फोल्डरात जातो, आणि तिथून परत आणता येतो. नवा फिल्टर लावताना पहिला आठवडा 'मूव्ह'ऐवजी 'कॉपी' ठेवा किंवा नुसता टॅग लावू द्या. बरोबर मेल पकडतोय असं दिसलं की मग हलवायला लावा. अटी एकापेक्षा जास्त असतील तर 'मॅच ऑल' की 'मॅच एनी' हे दोनदा वाचा. पाठवणारा आणि विषय दोन्ही जुळायला हवेत असं मनात असताना 'एनी' राहून गेलं, तर साहेबांचा प्रत्येक मेल वृत्तपत्रिकांच्या फोल्डरात जाईल. फिल्टर वरून खाली क्रमाने चालतात, तेव्हा नेमका फिल्टर वर आणि ढोबळ फिल्टर खाली ठेवा. माणसांनी थेट तुम्हाला लिहिलेल्या मेलवर फिल्टर लावूच नका. आपोआप येणाऱ्या सूचना, अहवाल, वृत्तपत्रिका एवढंच हलवा.

फोल्डरांच्या आत फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असली झाडं मला पटत नाहीत. नवीन माणूस पहिल्या आठवड्यात वीस फोल्डर करतो आणि मग मेल या फोल्डरात की त्या फोल्डरात यावर वेळ घालवतो. मला चार पुरतात: चालू काम, उत्तराची वाट, सूचना, आर्काइव्ह. बाकी शोधावर सोडा. थंडरबर्डमध्ये १ ते ५ हे आकडे दाबले की टॅग लागतात. ४ म्हणजे 'टू डू'. क्विक फिल्टरमध्ये तो टॅग निवडला की आज काय करायचं ते समोर येतं. एखादा शोध रोज लागत असेल तर 'सेव्ह्ड सर्च' करा. तो फोल्डरासारखा दिसतो, पण मेल मूळ जागीच राहतात. एखादा प्रकल्प पाच ठिकाणी विखुरला असेल तर मी आता हाच मार्ग घेते.

बॅकअप मात्र वेगळा घ्याच. थंडरबर्ड बंद करा, त्याचा प्रोफाइल फोल्डर (तुमचे मेल आणि सेटिंग जिथे असतात तो) पूर्ण उचला आणि दुसऱ्या डिस्कवर ठेवा. कामाचे मेल बाहेरच्या डिस्कवर नेण्याआधी ऑफिसची परवानगी घ्या. प्रोफाइल कुठे आहे हे 'हेल्प'मधल्या 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन'मध्ये सापडतं. प्रोग्राम चालू असताना कॉपी केलेली फाइल अर्धवट असू शकते. पीएसटीचंही तसंच, आधी आउटलुक बंद करा. आणि पुसलेल्या मेलमुळे फाइल लगेच लहान होत नाही, त्यासाठी फोल्डर 'कॉम्पॅक्ट' करावा लागतो. कॉम्पॅक्ट करण्याआधी बॅकअप घ्या, नंतर नाही.

माझे मेल मी कसे परत मिळवले? प्रत्येक सहकाऱ्याला, प्रत्येक क्लायंटला विनंती करून, त्यांच्या 'सेंट' फोल्डरातून. तीन आठवडे लागले. लोक वाटलं त्यापेक्षा खूप चांगले वागले, कोणी रागावलं नाही. पण एका क्लायंटच्या मंजुरीचा मेल कधीच मिळाला नाही, कारण तो लिहिणारा माणूस दरम्यान नोकरी सोडून गेला होता. ते काम आम्ही पुन्हा केलं. त्याचं मला अजूनही वाईट वाटतं.

तुमचे मेल आधीच लोकल फोल्डर्समध्ये असतील तर घाई करू नका, उशीरही करू नका. आधी प्रोफाइलची प्रत घ्या. सर्व्हरवर जागा किती आहे ते पाहा, कमी असेल तर आयटीकडे मागा. मागायला लाजू नका, मी लाजले म्हणूनच तो शॉर्टकट घेतला. मग खात्याखाली फोल्डर करून एकेका महिन्याचे मेल तिकडे 'कॉपी' करा, 'मूव्ह' नको. काही शे मेल झाले की थांबा, चढू द्या. मग फोनवर तोच फोल्डर उघडा, त्यातला सगळ्यात जुना मेल अटॅचमेंटसकट उघडून पाहा. तो उघडला की पुढचा महिना घ्या.