कर सल्लागाराचं छोटं ऑफिस : चालवायचं कसं आणि आवरायचं कसं

टॅक्स प्रॅक्टिस बंद करण्याबद्दलचा बहुतेक सल्ला 'क्लायंटना नम्र पत्र पाठवा' इथे सुरू होतो आणि 'फायली जपून ठेवा' इथे संपतो. असा सल्ला देणाऱ्याने आयुष्यात कधी दुसऱ्याच्या आयकर किंवा जीएसटी पोर्टलवर नोंदवलेला मोबाइल नंबर बदलून दिलेला नसणार. पत्र अर्ध्या तासात होतं. खरं काम नंबर बदलण्याचं आहे आणि त्यालाच महिने लागतात.

हा लेख एका खोलीतल्या ऑफिससाठी आहे. एक सल्लागार, एक-दोन असिस्टंट, पगारदार, दुकानदार, कंत्राटदार आणि चार-दोन भागीदारी संस्था असा पसारा. सीए असाल तर इन्स्टिट्यूटकडे सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस परत करण्याची भर पडते, बाकी सगळं तेच.

आधी चालवण्याबद्दल, थोडक्यात

फी आधी, सबमिट नंतर. रिटर्न भरल्यावर फी मागणाऱ्याला 'रिफंड आला की देतो' हेच उत्तर मिळतं.

आकडेमोड क्लायंटला पाठवा आणि 'बरोबर आहे, भरा' असा त्याचा मेसेज आल्याशिवाय भरू नका. तो मेसेज जपून ठेवा. ई-व्हेरिफिकेशन त्याच बैठकीत उरका. मुदत ३० दिवसांची आहे म्हणून उद्यावर टाकलेलं व्हेरिफिकेशन हमखास राहतं, आणि व्हेरिफाय न झालेलं रिटर्न भरलंच नाही असं धरलं जातं.

'पलीकडचा माणूस जास्त रिफंड काढून देतो' असं सांगणाऱ्याला पलीकडेच जाऊ द्या. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने खोट्या वजावटी दाखवणाऱ्या मध्यस्थांवर देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली. त्या वेळच्या पत्रकात आणखी एक गोष्ट होती, तिकडे फारसं कोणाचं लक्ष गेलं नाही. काही जण ठोक रिटर्न भरण्यापुरते ईमेल आयडी काढतात, नंतर सोडून देतात, आणि विभागाच्या नोटिसा कोणी न वाचता तिथेच पडून राहतात. ते खोटेपणा करणाऱ्यांबद्दल होतं. पण प्रामाणिक सल्लागारानेही क्लायंटच्या प्रोफाइलमध्ये स्वतःचा ईमेल टाकून ऑफिस बंद केलं, तर क्लायंटच्या बाबतीत नेमकं तेच होतं.

बंद करण्याची वेळ

जानेवारीत जाहीर करा. ३१ डिसेंबरला उशिराची रिटर्न्स आणि जीएसटीआर-९ (जीएसटीचं वार्षिक विवरणपत्र) संपलेली असतात, लोकांना नवा माणूस शोधायला सवड असते. मार्चअखेरपर्यंतचं काम करा, टीडीएसचं (पैसे देतानाच कापलेल्या कराचं) चौथ्या तिमाहीचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत भरून द्या आणि तिथे थांबा. एप्रिलमध्ये सांगणाऱ्याला 'एवढं एक वर्ष करून द्या ना साहेब' हे ऐकावं लागतं. एकाला हो म्हटलं की त्याच्या मेव्हण्यालाही म्हणावं लागतं. 'मोजके जुने क्लायंट ठेवतो' हा तर सर्वांत वाईट सल्ला. पाच क्लायंटांसाठीही सॉफ्टवेअरचं नूतनीकरण करावं लागतं आणि कायद्यातले सगळे बदल वाचावे लागतात. त्यात १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला आहे. निवृत्तीत पाच जणांसाठी नवी कलमं पाठ करण्याची हौस असेल तर खुशाल ठेवा.

ज्यात खरा वेळ जातो : नंबर आणि ईमेल

आपल्याकडची जुनी सवय अशी. क्लायंट म्हणतो, "साहेब, तुमचाच नंबर टाका, आम्हाला काय कळतंय त्यातलं." आपल्यालाही ते सोयीचं वाटतं, कारण ओटीपीसाठी फोन करत बसावं लागत नाही. नंबर पडतो, ऑफिसचा ईमेल पडतो आणि वर्षानुवर्षं सगळं सुरळीत चालतं. आता आयकराची नोटीस कागदावर येईलच असं नाही, पोर्टलवर आणि ईमेलवर मात्र येते. जीएसटीची कारणे दाखवा नोटीसही पोर्टलवर टाकली की बजावली असं धरतात. ऑफिस बंद झालं, ईमेल कोणी उघडला नाही, मुदत गेली, एकतर्फी आदेश निघाला आणि क्लायंटला पहिली बातमी लागते ती बँकेने खातं गोठवल्यावर. मग तो तुमच्या घरी येतो, आणि त्याचं काही चूक नसतं.

मलाही याच टप्प्याने सर्वांत जास्त दमवलं. काम अवघड म्हणून नव्हे. प्रत्येक क्लायंटला समोर बसवावं लागतं, म्हणून. फोनवर हे होत नाही. 'ओटीपी सांगा' म्हटल्यावर हल्ली शहाणा माणूस फोन ठेवतो, आणि ठेवायलाच हवा.

क्रम असा ठेवा.

आधी आयकराचं ई-फायलिंग. क्लायंटला त्याच्या स्वतःच्या फोनसह बोलवा, आधार कार्ड आणायला सांगा. प्रोफाइलमधल्या संपर्क तपशिलात त्याचा मोबाइल आणि त्याचा ईमेल प्रायमरी म्हणून टाका. दोन्हींवर वेगवेगळा ओटीपी येतो. इथेच पहिली अडचण : ईमेलच नसतो. किंवा असतो, पण फोनवाल्या दुकानदाराने काढून दिलेला आणि पासवर्ड कोणालाच माहीत नाही. अशा वेळी त्याच्याच फोनवर नवा ईमेल काढा, रिकव्हरीला त्याचाच नंबर द्या आणि पासवर्ड त्याच्याच हाताने त्याच्या डायरीत लिहायला लावा. तुमच्या वहीत लिहून ठेवण्याचा मोह आवरा.

दुसरी अडचण नाजूक आहे. साठी उलटलेल्या आजी म्हणतात, "माझा फोन साधा आहे, मुलाचा नंबर टाका." टाका, पण आधी मुलाला बाजूला ठेवून आजींना एकदा विचारा. नंबर ज्याचा, खातं त्याच्या हातात. व्याज किती, भाडं किती, घर विकलं तर किती आले, हे सगळं त्याला दिसणार. घरात वाटणीचा वाद असेल तर आजी दोन क्षण गप्प राहतील. त्यावरून समजून घ्या आणि साध्या फोनवरच ओटीपी येऊ द्या. एसएमएस वाचायला स्मार्टफोन लागत नाही.

नंबर बदलून झाला की पासवर्ड बदलायला लावा, स्क्रीनकडे पाठ करून. जुना पासवर्ड कोणालाच आठवत नसेल तरी बिघडत नाही, आधारला मोबाइल जोडलेला असेल तर आधार ओटीपीवर नवा ठेवता येतो. त्याच बैठकीत ई-प्रोसिडिंग्ज (विभागाच्या नोटिसा जिथे दिसतात ते पान) आणि थकीत मागणी उघडून पाहा. जे दिसेल त्याची पीडीएफ क्लायंटच्या फोनवर पाठवा.

मग जीएसटी. इथे ओटीपी प्रायमरी ऑथराइज्ड सिग्नेटरीच्या, म्हणजे धंद्याच्या वतीने सही करणाऱ्या मुख्य माणसाच्या, नंबरवर जातो. तो नंबर तुमचा असेल तर बदल मंजूर करणारा ओटीपीही तुमच्याकडेच येतो. म्हणून हे काम सिम चालू असताना करायचं. नोंदणीतल्या किरकोळ बदलांच्या 'नॉन-कोअर' दुरुस्तीत सिग्नेटरीचा मोबाइल आणि ईमेल बदलता येतो, अधिकाऱ्याच्या मंजुरीसाठी थांबावं लागत नाही. सिम एकदा हातची गेली की क्लायंटला कागदपत्रं घेऊन आपल्या अधिकाऱ्याकडे जावं लागतं. मध्यस्थांनी स्वतःचे नंबर टाकून ठेवल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की २०१८ मध्ये सरकारला त्यासाठी वेगळी पद्धत जाहीर करावी लागली. ती चालते, पण दुकान बंद ठेवून चकरा मारायला कोणाला वेळ आहे? नोटिसा पाहताना 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' बघून थांबू नका, 'ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स' हेही उघडा. दुसरं न उघडल्यामुळे हायकोर्टापर्यंत गेलेली प्रकरणं आहेत.

टॅन (टीडीएस कापणाऱ्याचा क्रमांक), ट्रेसेस (टीडीएसचं पोर्टल), व्यवसाय कर, उद्यम (लघुउद्योग नोंदणी) यांचं तेच, याच बैठकीत.

आता ऑफिसचा स्वतःचा नंबर. सगळे क्लायंट बदलून झाले असं वाटलं तरी सिम आणि ईमेल निदान दोन वर्षं जिवंत ठेवा. 'झालं आता' म्हणून सिम तोडणाऱ्यांचा मला राग येतो. वापर नसला की नंबर बंद होतो आणि काही काळाने दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो. मग तुमच्या राहून गेलेल्या क्लायंटचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. गुगलही दोन वर्षं न उघडलेलं खातं पुसून टाकू शकतं. महिन्यातून एकदा ईमेल उघडा आणि आलेलं ज्याचं त्याला पाठवा.

डीएससीचे (डिजिटल सहीचे) टोकन

टेबलाच्या खालच्या खणात रबरबँड लावलेला तो गठ्ठा. प्रत्येक टोकनवर पांढरी पट्टी, पट्टीवर मार्करने नाव आणि खाली पिन. ही डिजिटल सही आहे, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार ती ज्याची त्यानेच ताब्यात ठेवायची असते. ज्याचं त्याला परत द्या, पट्टी काढून, पिन बदलायला लावून. मुदत संपलेली टोकनंही परत करा. नव्या सल्लागाराकडे परस्पर देऊ नका, क्लायंटने 'द्या' म्हटलं तरी. त्याने घ्यावं आणि त्याने द्यावं.

नव्या माणसाकडे सोपवणं

एखाद्या तरुण सल्लागाराचं नाव सुचवा, ओळख करून द्या. एकरकमी सौदा टाळा. जे क्लायंट खरोखर त्याच्याकडे टिकतील त्यांच्या फीतला ठरलेला हिस्सा पहिल्या वर्षी घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. पासवर्डांची एक्सेल शीट मात्र कुठल्याही किमतीला देऊ नका. क्लायंटने विश्वास टाकला तो तुमच्यावर, शीट ज्याच्या हातात जाईल त्याच्यावर नव्हे. सगळ्यांचे पासवर्ड बदलून झाले की ती पुसा. असिस्टंटच्या लॅपटॉपवर, पेन ड्राइव्हवर आणि व्हॉट्सॲपवर तिची पिल्लं असतात, तीही शोधा.

जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंद असेल तर क्लायंटनी दिलेलं अधिकारपत्र पीसीटी-०५ या फॉर्ममधून काढून घ्यायला लावा आणि शेवटी पीसीटी-०६ फॉर्म भरून स्वतःची नोंद रद्द करा.

फायली

मूळ कागद परत करा, यादी करून पोच घ्या. कपाटात खरेदीखतं आणि एलआयसीच्या मूळ पॉलिसी निघतील, कोणी कधी दिल्या हे तुम्हालाही आठवणार नाही. फी बाकी आहे म्हणून कागद अडवून ठेवणारे सल्लागार असतात. तसं करू नका. फी बुडाली तर बुडाली, कागद त्याचे आहेत.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला डेटा नुसता बॅकअप म्हणून देऊ नका, लेजर आणि ताळेबंदाच्या पीडीएफही द्या. लायसन्स नसलं की टॅली एज्युकेशनल मोडमध्ये, म्हणजे नुसत्या शिकण्यापुरतं, उघडतं, आणि किराणा दुकानदाराने त्या बॅकअपचं काय करायचं?

तुमच्याकडे प्रती किती वर्षं ठेवायच्या? जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. आयकरात मोठ्या रकमेचं प्रकरण आकारणी वर्ष संपल्यावर सव्वापाच वर्षांपर्यंत पुन्हा उघडता येतं. मी सात वर्षं धरतो. त्याआधीचं सगळं फाडा, आधारच्या झेरॉक्स आधी. रद्दीवाल्याला अख्खं देऊ नका.

स्वतःचं आवरणं

इथे सल्लागारच ढिले पडतात. जीएसटी नोंदणी असेल तर ती रद्द करण्याचा आरईजी-१६ हा अर्ज भरा आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-१० भरा. दुसऱ्यांना ओरडून ओरडून सांगितलेलं हे अंतिम विवरणपत्र स्वतःचं मात्र राहतं आणि विलंब शुल्क वाढत जातं. व्यवसाय कराचं पीटीईसी (स्वतःच्या नावाचं नोंदणी प्रमाणपत्र) रद्द करा, नाहीतर वर्षाला २,५०० रुपयांची मागणी चालूच राहील. दुकाने व आस्थापना कायद्याखालची सूचना, उद्यम, जागेचं डिपॉझिट, विजेचं मीटर हे एका दिवसाचं काम.

आणि एक कलम कोणीच सांगत नाही. १९६१च्या कायद्यात कलम १७६ प्रमाणे व्यवसाय बंद केल्यावर १५ दिवसांत आकारणी अधिकाऱ्याला कळवायचं असतं. नव्या कायद्यातलं त्याचं कलम काढून त्याखाली साधं पत्र द्या आणि पोच ठेवा. त्याच कलमात असंही आहे की बंद झाल्यानंतर हातात आलेली जुनी फी ज्या वर्षी मिळेल त्या वर्षाचं उत्पन्न धरली जाते. ती येते, कधी दोन वर्षांनी येते, आणि कंपनी क्लायंट असेल तर बहुधा टीडीएस कापून येते. म्हणून ऑफिस बंद झाल्यावरही आपल्या नावावर कापलेल्या टीडीएसचं वार्षिक विवरण (१९६१च्या कायद्यातला २६एएस) दर वर्षी उघडून बघत जा.