सांगलीच्या उन्हात वाइन कशी सांभाळावी: परराज्यातून राहायला आलेल्यांसाठी

बदलीवर सांगलीत येणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक, ‘द्राक्षांचा जिल्हा आहे, वाइनची काय चिंता!’ आणि दुसरा, ‘बाटली कपाटात ठेवा, जुनी झाली की अजून चांगली लागेल.’ दोन्ही कानाआड करा. तासगाव-मिरज पट्ट्यातली द्राक्षं खाण्याची आणि बेदाण्याची. २००१च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणात पलूसला वाइन पार्क ठरलं होतं हे खरं, पण इथल्या दुकानात हाताला लागणारी बाटली बहुतेक वेळा नाशिकची किंवा शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची असते. आणि एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकणाऱ्या गावात कपाटातली बाटली मुरत नाही, शिजते.

येताना काय आणायचं

काहीही नाही. सामानाच्या ट्रकमध्ये तर नाहीच. दुसऱ्या राज्यातली दारू विनापरवाना महाराष्ट्रात आणणं हा गुन्हा आहे, त्यात वाइनही आली. गोव्याच्या बाटलीवर ती फक्त गोव्यात विक्रीसाठी असल्याचं छापलेलं असतं, आणि आंबोली-बांद्याच्या वाटेवर तपासणी होते. कर्नाटक सीमेवरच्या म्हैसाळ-कागवाडकडून येणाऱ्यांनी ‘पलीकडचं गाव तर दिसतंय’ म्हणून गाफील राहू नये. हाताशी बाटल्या असतील तर निघण्याआधी मित्रांना बोलावून संपवा.

परवाना

वाइन विकत घ्यायला, जवळ बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. दुकानात एक दिवसाचा मिळतो, पण राहायलाच आला असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून वर्षाचा किंवा आजीवन घ्या. अर्ज ऑनलाइन होतो. वाइनसाठी वय २१ पूर्ण लागतं, व्हिस्की-रमसाठी २५. घरात किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा आहे, ती अर्ज करतानाच विचारून घ्या.

कुठून घ्यायची

‘वाइन शॉप’ अशी पाटी असलेल्या दुकानात नव्वद टक्के माल व्हिस्कीचा असतो. वाइनसाठी बिअर शॉपीतही डोकावा, तिथे बिअरबरोबर वाइन ठेवायला परवानगी असते. सुपरमार्केटमध्ये शोधू नका. जानेवारी २०२२मध्ये मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला होता, विरोध झाला आणि तो कागदावरच राहिला. २ ऑक्टोबरला आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास दुकानं बंद असतात, पाहुणे येणार असतील तर तारखा बघून ठेवा.

दुकान निवडताना मालकाला वाइनमधलं काय कळतं हे बघू नका, बाटल्या कुठे मांडल्या आहेत ते बघा. पश्चिमेच्या काचेतून ऊन येणाऱ्या शोकेसमधली बाटली सवलतीतही घेऊ नये. बाटलीवर द्राक्षतोडणीचं साल किंवा भरल्याचा महिना असतो. हजार रुपयांच्या आतली व्हाइट किंवा रोझे (गुलाबी वाइन) दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर परत ठेवा. बुचाच्या बाटलीवरचं आवरण बोटांनी फिरवून बघा. चिकटून बसलं असेल, बूच तोंडाच्या वर आलेलं असेल किंवा मानेतली पातळी शेजारच्या बाटलीपेक्षा खाली असेल, तर ती उन्हात फुगून गळलेली आहे. आत साखरेची ओल सुकून आवरण चिकटतं. दुकानदार ‘असंच असतं’ म्हणेल, म्हणू द्या.

आवडीचा ब्रँड दिसला नाही तर बारा बाटल्यांची पेटी मागवायची तयारी दाखवा. पेटी म्हटलं की वितरक हलतो. ही पेटी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच मागवा. मे महिन्यात ती गोदामात आणि टेम्पोत किती दिवस भाजली हे तुम्हाला कोणी सांगणार नाही.

घरी आणताना डिकी नको. उन्हात बंद उभ्या गाडीचं आतलं तापमान तासाभरात ५५-६० अंशांकडे जातं. बाटली एसीच्या झोतात, सीटच्या खाली. आणि वाटेत भाजी घ्यायला थांबायचं नाही.

साठवण: सगळी गंमत इथेच बिघडते

वाइनला हवं असतं १२ ते १५ अंश, आणि तेही स्थिर. २५पर्यंत काही महिने भागतं. ३०च्या वर काही आठवडे गेले की फळाचा ताजा वास जातो आणि उकडलेल्या जॅमसारखा वास येऊ लागतो, व्हाइट तपकिरी पडते. याहून वाईट म्हणजे चढउतार. दुपारी ३८, पहाटे २५ असं रोज झालं की आतला द्रव फुगतो-आकसतो, बूच पंपासारखं काम करतं आणि हवा आत ओढली जाते. म्हणून ‘रात्री गार होतं की’ हा युक्तिवाद उलट बाटलीच्याच विरोधात जातो.

आधी मोजा, मग ठरवा. कमाल-किमान दाखवणारा थर्मामीटर आणा आणि घरातल्या तीन जागी आठवडा-आठवडा ठेवा. अंदाजाने बोलू नका, हाताला गार लागणारी शहाबादी फरशी आणि तिच्यावर वीतभर उंचीची हवा यांत बराच फरक असतो. वरच्या मजल्यावर स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, तिथला माळा ही घरातली सगळ्यात वाईट जागा. त्यानंतर स्वयंपाकघर. बरी जागा म्हणजे खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत, आतल्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटाचा तळ. जुन्या वाड्यातली जाड भिंतीची अंधारी खोली मिळाली तर नशीब. कमाल तापमान २८च्या आत आणि दिवस-रात्रीचा फरक पाच अंशांच्या आत असेल, तर रेड तीन-चार महिने तिथे राहील. सांगली-मिरजेत मार्च ते जूनमध्यापर्यंत हे बहुतेक घरांत जमत नाही. साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या घरांत, रात्री लवकर गार होतात म्हणून जमेल असं वाटतं, पण तिथेही मेमध्ये थर्मामीटरलाच विचारा.

आता लोकांचे उपाय. माठ, ओलं पोतं, वाळूत पुरणं. बाष्पीभवनाने गारवा येतो तो हवा कोरडी असेपर्यंत. एप्रिलच्या दुपारी माठ चांगलं काम करतो, वळवाचा पाऊस पडला की ढेपाळतो. संध्याकाळी एक रोझे गार करायला हरकत नाही, साठवणीला उपयोग शून्य, शिवाय लेबल कुजतं. थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहणं शास्त्राला धरून आहे. औषधाच्या दुकानात लसींची रिकामी खोकी मिळतात, सहा बाटल्यांना लिटरच्या दोन गोठवलेल्या बाटल्या सकाळ-संध्याकाळ पुरतात. पण हे काम आठवडाभर होतं, नंतर कोणी करत नाही.

छोटा, सुंदर दिसणारा वाइन कूलर घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: कॉम्प्रेसर आहे का? बारा बाटल्यांचे स्वस्त कूलर पेल्टिए पद्धतीचे, म्हणजे कॉम्प्रेसरशिवाय थेट विजेवर गार करणारे असतात. आवाज नाही, थरथर नाही, कॅटलॉगात १२ अंश लिहिलेलं. मात्र ते खोलीच्या तापमानापेक्षा साधारण १२ ते १५ अंशच खाली जाऊ शकतात. खोली ३६ असली की आत २१ ते २४. पंखा चोवीस तास फिरत राहतो, आणि त्याने बाहेर टाकलेली उष्णता बंद खोलीत साठून काम आणखी बिघडतं. असा कूलर युरोपातल्या बैठकीच्या खोलीसाठी ठीक आहे, कुपवाडच्या फ्लॅटसाठी नाही.

या गावात खात्रीने चालतो तो एकच जुगाड. जुना, एका दाराचा, डायरेक्ट कूल (ज्यातला बर्फ आपल्याला वितळवावा लागतो तो) फ्रिज घ्या. फ्रॉस्ट फ्री नको, त्याचा पंखा आतली हवा कोरडी करतो आणि बुचं आकसतात. सोबत डिजिटल तापमान नियंत्रक घ्या, अंडी उबवणी यंत्र किंवा मत्स्यटाकीला लावतात तोच. ‘एसटीसी-१०००’ या नावाने मागितला की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कळतं. फ्रिजचा स्वतःचा थर्मोस्टॅट जास्तीत जास्त थंडीवर ठेवायचा आणि वीजपुरवठा या नियंत्रकातून द्यायचा. लक्ष्य १४ अंश, फरक २ अंश, म्हणजे १६ला सुरू होईल, १४ला बंद. कॉम्प्रेसर विलंब किमान ३ मिनिटं, ५ असेल तर उत्तम. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसह, आणि व्होल्टेज खालीवर होत असेल तर स्टॅबिलायझर.

यात सगळे एकाच ठिकाणी चुकतात: सेन्सर मोकळा लटकवतात. दार उघडलं की हवा क्षणात तापते, कॉम्प्रेसर धावतो, दोन मिनिटांत हवा गार होते, तो थांबतो. असं दिवसभर चालू-बंद होऊन कॉम्प्रेसर जातो आणि बाटल्या मात्र आपल्या जागी गरमच. सेन्सर पाण्याने भरलेल्या बाटलीला टेपने चिकटवा, वरून कापडाची घडी बांधा. मग तो हवेचं नाही, द्रवाचं तापमान सांगतो. आत एक वाटी पाणी ठेवा. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या उभ्या चालतात, बुचाच्या आडव्याच. दोन दिवस रिकामा चालवून आकडे बघा, मग भरा. दोन-चार तास लाइट गेली तर दार उघडू नका, भरलेला फ्रिज तेवढं सहज धरून ठेवतो.

एवढं करायचं नसेल तर साठाच करू नका. मार्च ते जून पंधरवड्यापुरतं आणा आणि घरच्या फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवा, रेडसुद्धा. ‘रेड फ्रिजमध्ये ठेवायची नसते’ हे सांगणाऱ्याला त्याच्या खोलीचं तापमान विचारा.

पावसाळ्यात उष्णतेचा ताप संपतो, दुसरे सुरू होतात. महाबळेश्वर-पाचगणीच्या बाजूला लेबलांवर बुरशी येते, तिने वाइनला काही होत नाही, फडक्याने पुसा. सांगलीत कर्नाळ रोड, मारुती चौक किंवा नदीकाठच्या गावभागात तळमजल्यावर राहत असाल, तर आयर्विन पुलाजवळची पातळी ४० फुटांच्या इशाऱ्याला आली की बाटल्या वर हलवा, ४५च्या धोका पातळीची वाट बघू नका. २०१९चा पूर पाहिलेला कोणीही हेच सांगेल. पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली बाहेरून कितीही धुतली तरी प्यायची नाही, बुचाकडेने घाण पाणी आत गेलेलं असू शकतं.

गार करणं

पुस्तकात लिहिलेला ‘रेड अर्धा तास फ्रिजमध्ये’ हा हिशेब २२ अंशांच्या घराचा. इथे ३४-३५ अंशांची बाटली १७वर यायला फ्रिजमध्ये दोन तास लागतात, व्हाइट ९वर यायला चार. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी, दोन मुठी मीठ: रेड दहा मिनिटं, व्हाइट वीस. नुसत्या बर्फाने होत नाही, काचेला पाण्याचा स्पर्श हवा. फ्रीझरमध्ये ठेवलीच तर मोबाइलवर गजर लावा, उणे पाच-सहाला वाइन गोठून बूच बाहेर ढकलते. आणि पेल्यात एकदम भरू नका, सांगलीच्या मेमध्ये शंभर मिलीलीटरच्या वर ओतलेली व्हाइट अर्ध्यात कोमट होते.

कशाबरोबर

तिखट मटणाबरोबर दणकट रेड, हा सगळ्यात महागडा गैरसमज. कांदा-लसूण मसाल्याची आग अल्कोहोलने वाढते आणि रेडमधला तुरटपणा तिला आणखी टोचरा करतो. तांबड्या रश्श्याला किंचित गोड शेनिन ब्लांक (एक व्हाइट) किंवा चांगली गार रोझे घ्या. पांढऱ्या रश्श्यातल्या नारळ-काजूला कोरडी व्हाइट पेलते. कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत, फार तिखट नसेल तर, हलक्या शिराझ रेडबरोबर उत्तम. भडंगाला फसफसती वाइन, दुसरं काही नको. साताऱ्याच्या कंदी पेढ्याबरोबर कोरडी काहीही आंबटढाण लागेल, तिथे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइनच हवी, कारण वाइन मिठाईपेक्षा गोड असावी लागते. खर्ड्याबरोबर ताक प्या.

उघडलेली बाटली

झाकून, उभी, फ्रिजमध्ये. व्हाइट तीन ते पाच दिवस, रेड दोन ते चार, फसफसती दुसऱ्या दिवशी संपवा. उघडताक्षणी अर्धी वाइन धुऊन सुकवलेल्या ३७५ मिलीलीटरच्या बाटलीत काठोकाठ ओतून बंद केली, तर हवा न उरल्याने आठवडाभर टिकते. उतरलेली रेड मटण शिजवताना कांदा परतल्यावर एक वाटी घाला आणि आंबट वास उडेपर्यंत आटू द्या, मग टोमॅटो कमी घाला.